ऑस्ट्रेलियातील फिल्टरची तेरा वर्षे

ब्रायन हॅराडीन हे टास्मानियाचे अपक्ष सिनेटर. धर्माने आणि वृत्तीने कट्टर कॅथलिक, तेरा मुलांच्या घरचे कर्ते, आणि आपल्या एका मताचे मोल पुरते ओळखून असलेले राजकारणी. १९९९ च्या पूर्वार्धात जॉन हॉवर्ड यांच्या आघाडी सरकारला सिनेटमध्ये बहुमत नव्हते. टेल्स्ट्रा या दूरसंचार कंपनीतला सरकारचा आणखी एक हिस्सा विकायचा, तर हॅराडीन यांचे मन वळवण्यावाचून गत्यंतर नव्हते. नेमक्या त्याच सुमारास दळणवळण मंत्री रिचर्ड ऑल्स्टन यांनी इंटरनेटवरील अश्लील मजकुराला लगाम घालणारे विधेयक आणले. हॅराडीन यांची मर्जी राखण्यासाठीच हा घाट घातला गेला, असे टीकाकार तेव्हापासून म्हणत आले. विधेयक मंजूर झाले आणि १ जानेवारी २००० पासून कायदा लागू झाला.

त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, कर्कश आवाज करत घरात यायचे. एक चित्र पडद्यावर उमटायलाही वेळ लागायचा. तरीही ‘इंटरनेट कंपन्यांनी ग्राहकाला फिल्टर देऊ केलाच पाहिजे’ असे बंधन घालणाऱ्या जगातल्या सुरुवातीच्या देशांत ऑस्ट्रेलिया जाऊन बसला. पुढची तेरा वर्षे तिथली तीन सरकारे या एका प्रश्नाशी झगडत राहिली.

कायद्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. मजकूर ऑस्ट्रेलियातल्या सर्व्हरवर असेल, तर कुणीही नागरिक प्रसारण प्राधिकरणाकडे तक्रार करू शकत होता, आणि मजकूर आक्षेपार्ह ठरला तर तो उतरवायला लावता येत होता. पण असा बहुतांश मजकूर परदेशात, मुख्यतः अमेरिकेत होता. तिथे कॅनबेराचा हुकूम कसा चालणार? म्हणून दुसरी वाट काढली गेली. इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेने आचारसंहिता तयार करायची, त्यात मान्यताप्राप्त फिल्टरची यादी द्यायची आणि प्रत्येक कंपनीने त्यांपैकी एखादा तरी फिल्टर ग्राहकाला पुरवायचा. त्यासाठी जेवढा खर्च येईल तेवढा घ्यायला मुभा होती. तो संगणकावर बसवायचा की नाही, हे घरातल्यांनी ठरवायचे.

इथपर्यंत सारे सरळ होते. आई-वडिलांच्या हाती साधन द्यायचे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवायचा, ही भूमिका आजही पटते. मात्र याच कायद्याच्या पोटात आणखी एक गोष्ट वाढत होती. परदेशी मजकुराबद्दल तक्रार आली आणि ती खरी ठरली, की प्राधिकरण त्या पानाचा पत्ता फिल्टर बनवणाऱ्यांना कळवत असे. हळूहळू अशा पत्त्यांची यादी तयार झाली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर्स ऑस्ट्रेलिया या संघटनेने माहिती अधिकाराखाली ती मागितली, तेव्हा सरकारने विरोध केला, आणि पुढे तर कायदा बदलून ही यादी माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेरच नेऊन ठेवली. यादीच उघड केली तर ती वाईट मजकुराची निर्देशिका होईल, हा सरकारचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य होते. पण त्यामुळेच, आपले संकेतस्थळ चुकून यादीत गेले तर ते कळण्याचा मार्ग मालकाला उरला नाही.

ऑस्ट्रेलियातली वर्गीकरणाची पद्धतही इथे सांगायला हवी. तिथे चित्रपट, पुस्तके आणि खेळ यांना श्रेणी मिळते. ‘एक्स १८ अधिक’ हा उघड लैंगिक चित्रफितींचा वर्ग. त्यांची कायदेशीर विक्री फक्त राजधानीच्या प्रदेशात आणि नॉर्दर्न टेरिटरीत. त्यामुळे कॅनबेराच्या फिश्विक या उपनगरातून देशभर टपालाने चित्रफिती जात. त्यापुढचा वर्ग म्हणजे ‘वर्गीकरण नाकारलेले’. यात बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे येतात, ज्यांच्या बंदीबद्दल कुणाचे दुमत नाही. पण गुन्हा कसा करावा, अमली पदार्थ कसे घ्यावेत यांचे सविस्तर मार्गदर्शनही त्याच वर्गात मोडते. फिलिप नित्श्के यांचे ‘द पीसफुल पिल हँडबुक’ हे इच्छामरणावरचे पुस्तक २००७ मध्ये याच वर्गात टाकले गेले. प्रौढांसाठी वेगळी श्रेणी नसल्याने काही व्हिडिओ गेमही २०१३ पर्यंत तिथेच जाऊन पडत. एकाच शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी असल्याने पुढचा सगळा वाद गढूळ झाला.

कायदा झाला, पण फिल्टर घेणारी घरे फार नव्हती. २००३ मध्ये ऑस्ट्रेलिया इन्स्टिट्यूटचे क्लाइव्ह हॅमिल्टन आणि मायकेल फ्लड यांनी १६-१७ वर्षांच्या २०० मुलामुलींची पाहणी प्रसिद्ध केली. ८४ टक्के मुलगे आणि ६० टक्के मुली न शोधताही कधी ना कधी इंटरनेटवरच्या लैंगिक चित्रांना सामोऱ्या गेल्या होत्या. हे आकडे वाचून अस्वस्थ झालेल्या पालकांना नुसते ‘घाबरट’ म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. त्यांची काळजी खरी होती. हॅमिल्टन यांनी त्यावर उपाय सुचवला तो मात्र वेगळा होता: फिल्टर घरच्या संगणकावर नको, थेट इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेतच बसवा.

राजकारण्यांनी ही कल्पना उचलली. मार्च २००६ मध्ये मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते किम बीझली यांनी ती पक्षाच्या कार्यक्रमात घेतली. हॉवर्ड सरकार आधी तयार नव्हते. कंपनीच्या पातळीवरच्या फिल्टरने इंटरनेट मंदावेल आणि उपयोग बेताचाच होईल, असे त्यांचे मत होते. पण निवडणूक तोंडावर आली होती. ऑगस्ट २००७ मध्ये हॉवर्ड यांनी एका ख्रिस्ती संघटनेच्या कार्यक्रमात, देशभरच्या चर्चमध्ये जमलेल्या लोकांसमोर प्रक्षेपणाद्वारे ‘नेटअलर्ट’ योजना जाहीर केली. एकूण १८.९ कोटी डॉलर. त्यातले ८.४८ कोटी डॉलर प्रत्येक कुटुंबाला फुकट फिल्टर देण्यासाठी.

योजना सुरू होऊन आठवडाही उलटला नव्हता, तोच मेलबर्नच्या एका १६ वर्षांच्या शाळकरी मुलाने वृत्तपत्राच्या बातमीदारांसमोर तो फिल्टर निकामी करून दाखवला. त्याला जवळपास अर्धा तास लागला. त्याच्या करामतीतला सर्वांत बोलका भाग पुढे होता. फिल्टर बंद पडला तरी पडद्याच्या खालच्या पट्टीवरचे त्याचे चिन्ह जागच्या जागी राहिले. म्हणजे आई-वडील खोलीत डोकावले, तर फिल्टर चालू आहे अशीच त्यांची समजूत होणार. सरकारने घाईघाईने आणखी एक, ऑस्ट्रेलियात बनलेला फिल्टर यादीत घातला. त्या मुलाने तोही सुमारे ४० मिनिटांत ओलांडला. त्याने स्वतः सांगितलेली गोष्ट मंत्र्यांनी मनावर घ्यायला हवी होती: मुलांना खरा धोका ऑनलाइन छळाचा आणि अनोळखी माणसांशी होणाऱ्या गप्पांचा आहे, आणि हा पैसा त्यावर खर्च व्हायला हवा.

नोव्हेंबर २००७ मध्ये हॉवर्ड हरले. फेब्रुवारी २००८ मध्ये मजूर पक्षाच्या नव्या सरकारने हिशेब मांडला. १४ लाख घरांपर्यंत पोचायचे ठरले होते. १ लाख ४४ हजार फिल्टर उतरवून किंवा मागवून घेतले गेले, आणि प्रत्यक्ष वापरात होते अंदाजे २९ हजार. या आकड्यांवरून दोन निष्कर्ष निघू शकत होते. एक, पालकांना साधन मिळाले तरी ते बसवायला, चालवायला, मुलांशी बोलायला मदत लागते, ती द्यावी. दोन, पालकांवर विसंबूनच राहू नये. केव्हिन रड यांच्या सरकारने दुसरा निष्कर्ष काढला. माझ्या मते, पुढच्या पाच वर्षांचे सगळे रामायण या एका निवडीतून घडले.

या रामायणाचे मुख्य पात्र होते नवे दळणवळण मंत्री, सिनेटर स्टीफन कॉनरॉय. ३१ डिसेंबर २००७ रोजी, देश सुटीच्या तयारीत असताना, त्यांनी कंपनीच्या पातळीवरील फिल्टर सक्तीचा करण्याचे सूतोवाच केले. सुरुवातीला लोकांचा समज असा झाला, की ज्याला नको असेल तो ग्राहक त्यातून बाहेर पडू शकेल. ऑक्टोबर २००८ मध्ये सिनेटच्या समितीपुढे उलगडा झाला: दोन याद्या असतील, कुटुंबांसाठीची मोठी यादी ऐच्छिक, पण ‘बेकायदा’ मजकुराची यादी सर्वांना लागू, तिच्यातून सुटका नाही. विरोध करणाऱ्यांना कॉनरॉय बालशोषणाच्या चित्रांचे समर्थक असल्यासारखे वागवत. लोकशाहीत मंत्र्याने असा वाद घालणे अशोभनीय होते, आणि त्याने त्यांचेच नुकसान झाले. शहाणीसुरती, एरवी त्यांना पाठिंबा दिला असता अशी माणसेही दूर गेली.

तांत्रिक बाजूही गुंतागुंतीची होती. मेलबर्नच्या एनेक्स टेस्टलॅब या संस्थेने टास्मानियातील लॉन्सेस्टन येथे सहा फिल्टरची प्रयोगशाळेत चाचणी घेतली. जुलै २००८ मध्ये अहवाल आला. एका फिल्टरने वेग दोन टक्क्यांहून कमी घटला, दोन फिल्टरनी मात्र तो ७५ टक्क्यांहून अधिक खाली आणला. निरुपद्रवी पानेही अडवली जाण्याचे प्रमाण सुमारे एक ते आठ टक्के होते. शेकड्यात दोन-चार पाने म्हणजे कागदावर किरकोळ वाटते. पण अब्जावधी पानांच्या जगात तेवढ्यात किती शाळा, दवाखाने आणि ग्रंथालये सापडतील, याचा विचार करावा.

मग मार्च २००९ उजाडला. १८ तारखेच्या सुमारास विकिलीक्सने प्राधिकरणाची म्हणून एक यादी जगासमोर ठेवली. त्यात २,३९५ पत्ते होते. बालशोषणाची पाने त्यात होतीच. पण पत्रकारांनी यादी चाळली तेव्हा निम्म्याच्या आसपास पत्त्यांचा त्याच्याशी संबंधच नव्हता. ऑनलाइन पोकरची स्थळे होती, प्रौढांसाठीची सर्वसाधारण अश्लील स्थळे होती, इच्छामरणाची पाने होती, विकिपीडियावरच्या काही नोंदी आणि यूट्यूबचे दुवे होते. एक सहल कंपनी होती. कुत्री सांभाळणारे एक केंद्र होते. शाळांच्या उपाहारगृहांना सल्ला देणारी एक संस्था होती. आणि क्वीन्सलँडमधला एक दंतवैद्य होता.

या दंतवैद्याचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या दवाखान्याचे साधे संकेतस्थळ पूर्वी कधीतरी परक्यांनी फोडले आणि तिथे अभ्यागतांना अश्लील पानांकडे वळवणारा मजकूर घुसडला. दंतवैद्याने स्थळ दुसरीकडे हलवले, सगळे साफ केले, आणि पुन्हा दात काढायला-बसवायला लागला. यादीला मात्र हे कळले नाही. एकदा पत्ता चढला, की उतरवायला पुन्हा कुणीतरी पाहावे लागते. आणि यादी गुप्त असल्याने पाहा म्हणून सांगणारेच कुणी नव्हते. आपले नाव कुठल्या पंगतीत जाऊन बसले आहे, हे त्या गृहस्थाला वर्तमानपत्रांतून समजले.

प्राधिकरणाने आधी सांगितले, की ही आमची यादी नव्हे, आमच्या यादीत हजाराच्या आसपासच पत्ते आहेत. मग काही दिवसांनी दुसरी, अधिक ताजी यादी फुटली आणि ती मूळ यादीच्या बरीच जवळची असल्याचे मान्य करावे लागले. २६ मार्चला कॉनरॉय दूरदर्शनवरील ‘क्यू अँड ए’ या थेट चर्चेत आले. दंतवैद्याच्या स्थळाला रशियन टोळीने लक्ष्य केले होते, असे त्यांनी सांगितले. बिल हेन्सन या नामवंत छायाचित्रकाराच्या एका छायाचित्राचे पान तांत्रिक चुकीने यादीत गेल्याचेही त्यांनी कबूल केले. त्या छायाचित्राला वर्गीकरण मंडळाने पालकांच्या देखरेखीखाली मुलांनीही पाहण्याजोगी श्रेणी दिली होती. त्याच आठवड्यात आयआयनेट या मोठ्या इंटरनेट कंपनीने प्रयोगशाळेनंतरच्या सरकारच्या प्रत्यक्ष चाचणीतून अंग काढून घेतले.

चाचणी तरीही पार पडली. नऊ कंपन्यांनी भाग घेतला. १५ डिसेंबर २००९ रोजी अहवाल प्रसिद्ध झाला, आणि कॉनरॉय यांनी सक्तीचा कायदा आणणार असल्याची घोषणा केली. प्राधिकरणाची छोटी यादी सर्व फिल्टरनी अचूक अडवली होती, वेगही फारसा घटला नव्हता. त्यामागची पद्धत साधी आहे. ग्राहकाची मागणी आधी राऊटरवर ढोबळपणे तपासायची. सर्व्हरचा पत्ता संशयित असेल, तरच ती बाजूच्या यंत्राकडे वळवून नेमके पान पाहायचे. बाकी वाहतूक सरळ पुढे जाते. पण यूट्यूबसारख्या प्रचंड गर्दीच्या स्थळावरचे एखादे पान यादीत आले, तर त्याची सगळीच वाहतूक त्या चिंचोळ्या वाटेने न्यावी लागते. फेब्रुवारी २०१० मध्ये कॉनरॉय यांनी गूगललाच यूट्यूबवर ऑस्ट्रेलियाचे वर्गीकरण लागू करण्याची विनंती केली. गूगलने नकार दिला. शिवाय तांत्रिक जाण असलेला माणूस फिल्टरला बगल देऊ शकतो, हे अहवालातच नमूद होते.

आणि बगल देणारे सगळेच टवाळ तरुण नव्हते. २०१० मध्ये नित्श्के यांच्या एक्झिट इंटरनॅशनल या संस्थेने आपल्या शिबिरांत सत्तरी-ऐंशीच्या आजी-आजोबांना फिल्टर कसा चुकवावा याचे धडे द्यायला सुरुवात केली. त्यांना हवी होती मृत्यूविषयीची माहिती. इच्छामरणाबद्दल कुणाचे काहीही मत असो. मुलांच्या रक्षणासाठी म्हणून मांडलेली यंत्रणा आयुष्याच्या अखेरीस आलेल्या माणसांच्या आड येणार होती, हे इथे लख्ख दिसले.

विरोधाचे सूर सगळीकडून उमटत होते. जानेवारी २०१० च्या अखेरीस शेकडो संकेतस्थळांनी पडदे काळे केले. १० फेब्रुवारीला ‘अनॉनिमस’ म्हणवणाऱ्या टोळक्याने संसदेचे संकेतस्थळ बंद पाडले. हा प्रकार बेकायदा होता, आणि शांतपणे लढणाऱ्या विरोधकांनीही त्याचा निषेध केला. मार्चमध्ये ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने ऑस्ट्रेलियाचे नाव नजर ठेवण्याजोग्या देशांत घातले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चिंता व्यक्त केली. ग्रीन पक्षाचे स्कॉट लडलम सिनेटमध्ये मंत्र्यांना चिवटपणे प्रश्न विचारत राहिले.

सामान्य माणसाला मात्र नेमके काय हवे होते? एबीसी वाहिनीच्या ‘हंग्री बीस्ट’ कार्यक्रमासाठी त्या फेब्रुवारीत हजार लोकांची पाहणी झाली. ८० टक्के लोक सक्तीच्या फिल्टरला अनुकूल निघाले. पण कोणती स्थळे बंद केली आणि का, हे सरकारने सांगितलेच पाहिजे, असे ९१ टक्के लोकांनी म्हटले. कॉनरॉय यांनी पहिल्या आकड्यावर खूश होणे स्वाभाविक होते. दुसरा आकडा त्याहून मोठा होता, आणि सरकारच्या योजनेत त्यालाच जागा नव्हती. लोकांना मुलांची काळजी होती, आणि आपल्या नावाने काय बंद केले जात आहे हे जाणण्याचा हक्कही हवा होता. या दोन्ही गोष्टी मानणाऱ्या माणसाला कुणी विचारलेच नाही.

शेवट हळूहळू झाला. जुलै २०१० मध्ये, ज्युलिया गिलार्ड पंतप्रधान झाल्यानंतर, कॉनरॉय यांनी कायदा लांबणीवर टाकला आणि ‘वर्गीकरण नाकारलेले’ या वर्गाचाच फेरविचार करण्याचे ठरवले. टेल्स्ट्रा, ऑप्टस आणि प्रायमस या कंपन्यांनी फक्त बालशोषणाची पाने स्वतःहून अडवण्याचे मान्य केले. ऑगस्टमध्ये विरोधी आघाडीने सक्तीला विरोध जाहीर केला. निवडणुकीनंतर संसद त्रिशंकू झाली आणि विधेयकाला वाटच उरली नाही. ९ नोव्हेंबर २०१२ रोजी कॉनरॉय यांनी योजना अधिकृतपणे सोडून दिली. त्याऐवजी इंटरपोलने तयार केलेली, केवळ बालशोषणाच्या स्थळांची यादी कंपन्यांनी १९९७ च्या दूरसंचार कायद्यातील कलम ३१३ खाली अडवायची, असे ठरले. हा उपाय मर्यादित आणि स्पष्ट होता.

पण सवय एकदा लागली, की ती दुसरीकडे डोके काढते. एप्रिल २०१३ मध्ये मेलबर्न फ्री युनिव्हर्सिटी या लोकशिक्षणाच्या उपक्रमाचे संकेतस्थळ अचानक दिसेनासे झाले. चौकशीअंती कळले, की गुंतवणुकीच्या फसवणुकीचे एक स्थळ बंद करण्यासाठी कंपनी नियामकाने त्याच कलम ३१३ चा वापर केला होता, आणि नेमके पान अडवण्याऐवजी अख्खा सर्व्हरचा पत्ता अडवला होता. त्या पत्त्यावर बाराशेवर संकेतस्थळे होती. पुढे आणखी एका वेळी असेच अडीच लाख पत्ते बंद झाल्याचे उघड झाले. त्यांतले बहुतेक नुसते नोंदवून ठेवलेले असले, तरी चालती स्थळेही त्यात सापडली होती. या अधिकारावर संसदेची समिती बसली आणि २०१५ मध्ये तिने अहवाल दिला.

टोनी अ‍ॅबट यांच्या विरोधी आघाडीनेही एक दिवस याच वाटेवर पाऊल टाकले. ५ सप्टेंबर २०१३, मतदानाला दोन दिवस उरले होते. त्यांच्या ऑनलाइन सुरक्षेच्या धोरणपत्रिकेत ब्रिटनच्या धर्तीवर, ग्राहकाने ‘नको’ म्हटल्याशिवाय फिल्टर चालूच राहील, असे वाक्य आढळले. गदारोळ उठला, आणि काही तासांतच पक्षाने ते मागे घेतले. मसुद्याचे शब्द चुकले, असा खुलासा त्यांचे सहकारी माल्कम टर्नबुल यांनी केला. दोन दिवसांनी आघाडी जिंकली.

त्या सरकारने २०१५ मध्ये मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी स्वतंत्र आयुक्त नेमला. मेलबर्नच्या त्या शाळकरी मुलाने २००७ मध्ये बोट ठेवलेला ऑनलाइन छळ हेच या कार्यालयाचे पहिले काम ठरले. त्यानंतर जबाबदारीचा काटा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडून समाजमाध्यमांकडे सरकला. नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेने १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा केला. १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला आणि तो न पाळणाऱ्या कंपनीला ४.९५ कोटी डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे. घरी मुलांसाठी फिल्टर बसवायचा असेल, तर तो कुठला आणि कसा, हे ग्राहकाला सांगण्याचे इंटरनेट कंपन्यांवरचे बंधनही ऑस्ट्रेलियात कायम आहे. बसवायचा की नाही, हा निर्णय १९९९ प्रमाणेच आई-वडिलांचा आहे.